पलीकडच्या रिकाम्या घरातून

९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली आणि म्हणाल्या, रोज लिहाच असं नाही, जमेल तेव्हा लिहा. वहीची शिवण सैल आहे. आमच्या कारखान्यात असली वही कुणी बाहेर पडू दिली नसती. मी सव्वीस वर्षं पुस्तकबांधणीत काढली. छापील कागदांच्या घड्या, म्हणजे फर्मे, जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावून दाबात ठेवायचे. वहिनी माझ्या शेजारच्या पाटावर बसायची. दादाशी तिचं लग्न झाल्यावर तिला मीच कामाला लावलं.

चौदा नोव्हेंबरला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वरच्या मजल्यावरचं कागदाचं गोदाम आमच्या डोक्यावर आलं. बाकीचे सगळे चहाला बाहेर गेले होते. आम्ही दोघी एक जुळणी संपवायची म्हणून थांबलो होतो. थांबू या असं मी म्हणाले होते. मला बाहेर काढलं, वहिनी गेली.

आता मी दादाकडे मागच्या खोलीत राहते. डावा हात खांद्यापासून जड आहे, तो बरा होईल म्हणतात. आज एवढंच.

१२ जानेवारी

भिंत वाजते.

हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. आमची घरं रांगेतली, भिंतीला भिंत लागून. माझ्या खाटेकडच्या भिंतीपलीकडचं घर गेले आठ महिने बंद आहे. भाडेकरू गेले, दाराला कुलूप. आणि रोज चारच्या सुमाराला भिंतीतून ठोके येतात. दोन, जरा थांबून एक.

ती आमची खूण होती. खाली अडकलो तेव्हा सुरुवातीला ओरडून पाहिलं, पण कागद आवाज गिळतो. रिमांचा एवढा ढीग मध्ये असला की माणूस चार हातांवर असून नसल्यासारखं होतं. लोखंडी मांडण्या मात्र एकमेकींत अडकल्या होत्या. वहिनीने भोकं पाडायच्या आरीच्या मुठीने मांडणी वाजवली, मी घडी घालायच्या पट्टीने. दोन आणि एक, म्हणजे मी आहे. समोरून दोन आणि एक, म्हणजे मीही आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही, दादाला तर नाहीच.

ठोके येतात तेव्हा मी कान लावून बसते. मग बराच वेळ काही नाही, आणि मग मला रडू फुटतं. आज उजव्या हाताची पेरं सोलवटलेली दिसली. भांड्यांचा साबण बदललाय वाटतं.

१५ जानेवारी

घर बदललंय. वर्तमानपत्र येत नाही. भिंतीवर कॅलेंडर नाही. माझ्या भाचीची पुस्तकं आधी घरभर पसरलेली असायची, आता एक दिसत नाही. वाणसामानसुद्धा डब्यांत नाहीतर कापडी पिशव्यांत येतं, कागदाचा कपटा म्हणून नाही. दादाला वाचायचा नाद होता, तोही सुटला वाटतं. बायको गेल्यावर माणसाचं कशात मन लागणार?

माझ्या खोलीची आतली कडी मोडली म्हणे. दादा नळदुरुस्तीचं काम करतो, हत्यारांची पेटी घरात, आणि एक कडी बसवायला त्याला आठवडा लागतोय. लोकाघरी उजेड आणि घरी अंधार.

भाची एकोणीस वर्षांची आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. आई गेली आणि आत्या उरली, तिला राग येणारच. तरी अभ्यासाला तिला माझ्या दारासमोरचा बोळच सापडतो. तिथे ना उजेड, ना वारा. पुस्तक मांडीवर उपडं घालून झाकून ठेवते आणि गप्प बसते. मी दार ढकललं की मान वर करते. म्हटलं, "इथे का बसतेस? डोळे जातील." म्हणाली, "इथे बरं वाटतं."

जेवताना दादा म्हणाला की शेजारच्या बंद घराचे पाईप गंजलेत, घरमालक काकांनी ते बदलायचं काम त्याला दिलंय. मी विचारलं, "त्या घरात कुणी असतं का?" त्याने घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "नाही. का?"

म्हटलं, सहज.

१९ जानेवारी

आज उत्तर आलं.

अक्षर कसंही येतंय. चार वाजून दहा मिनिटांनी भिंत वाजली, रोजच्यासारखी. मी कान लावला. आणि मग पुन्हा वाजली. पण हा आवाज निराळा होता. आतून आलेला, जाड, गुंडाळल्यासारखा. दोन. एक.

आजवर जे येत होतं ते विचारणं होतं. हे सांगणं होतं.

मी हळूच विचारलं, "वहिनी?"

काहीच नाही. मग मी मूठ करून स्वतः वाजवलं. दोन, एक. लगेच उत्तर आलं.

भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही. पण त्याच्या खाली कुठेतरी, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, मला भूक लागली.

२३ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. दादा सोबत येतो आणि बाहेर बाकावर बसतो. बाईंनी विचारलं, झोप कशी आहे. म्हटलं, बरी. जेवण? बरं. दुपारचा वेळ कसा जातो? म्हटलं, जातो.

पेन फिरवत त्या म्हणाल्या, "बोलायला कुणी आहे का?"

"आहे," म्हटलं.

"कोण?"

मी खिडकीबाहेर बघितलं. अळीमिळी गुपचिळी. सांगितलं असतं तर गोळ्या वाढल्या असत्या, आणि गोळ्या वाढल्या म्हणजे वहिनी गेली असती. दुसऱ्यांदा.

२७ जानेवारी

आता रोज बोलते. आधी वाजवते, उत्तर आलं की तोंड भिंतीजवळ नेऊन कुजबुजते. भिंतीला कान असतात म्हणतात, हिला बोटंही आहेत.

वहिनी फक्त ठोके देते. मी काय काय सांगते. दादाने दाढी वाढवलीय, त्याला शोभत नाही. तुझ्या मुलीने केस आखूड केलेत. कारखान्याचे मालक येऊन गेले, बाहेरच्या खोलीत रडले, मी आतून ऐकलं. मध्येच विचारते, आहेस ना? दोन, एक.

काल विचारलं, "थंडी वाजते का तिथे?" तेव्हा बराच वेळ ठोका आला नाही. मग एकच आला, अगदी हलका. त्याचा अर्थ मला लागला नाही.

दादा हल्ली रोज साडेचारला घरी येतो. आधी सात वाजायचे. बाहीवर, कानाजवळ, एका गालावर चुन्याची पांढरी धूळ असते. म्हटलं, "गालाने पाईप बसवतोस का रे?" तर हसला. तीन महिन्यांनी हसला असेल. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

३ फेब्रुवारी

दादा तापाने पडून आहे. सकाळपासून खोकतोय. त्याला औषध देऊन पावणेचारला मी खोलीत आले. भाची वाचनालयात गेली होती, त्यामुळे बोळही रिकामा.

चार वाजून दहा. मी वाजवलं आणि उत्तर आलं. बाहेरून दादाचा खोकला ऐकू येत होता आणि इकडे भिंत वाजत होती. आज ठोके नेहमीपेक्षा हलके आणि जरा घाईचे होते. अगदी वहिनीचा हात. ती टाके घालायची तशीच, हलकी आणि घाईची.

म्हणून मी आज तिला तिच्या मुलीबद्दल सांगितलं. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी सकाळी तुमचं दोघींचं भांडण झालं होतं ना? पोरगी न बोलता कॉलेजला गेली. ते तिला खातंय गं, मला दिसतं. पण तू दुपारी डबा खाताना काय म्हणाली होतीस ते मी तिला सांगितलंच नाही. तिच्यासमोर माझं तोंडच उघडत नाही. तू हसून म्हणालीस, माझ्यावरच गेलीय, नाकाच्या शेंड्यावर राग. संध्याकाळी येईल आणि काही झालंच नाही अशी गळ्यात पडेल. मी आधी थोडी ताठ राहीन, मग तिच्या आवडीचं करीन. असं म्हणालीस आणि माझ्या डब्यातलं लोणचं पळवलंस."

उत्तरच येईना. मी विचारलं, "आहेस ना?"

पलीकडून घासल्यासारखा आवाज आला, कुणी भिंतीला टेकून खाली घसरत जावं तसा. मग खूप वेळाने दोन, एक.

मी घाबरून अंगावर पांघरूण घेऊन बसले.

४ फेब्रुवारी

काय झालं कुणास ठाऊक, आज पोरगी आपणहून खोलीत आली. हातात फणी. म्हणाली, "आत्या, तुझा हात वर जात नाही. केसांचा गुंता झालाय." पाठीमागे बसली आणि तासभर विंचरत राहिली. डोळे सुजलेले होते. बापाचा ताप तिला लागला असावा.

९ फेब्रुवारी

आज मी वहिनीला ते सांगितलं.

सांगायचं नव्हतं. पण रोज ती येते, रोज उत्तर देते. जिच्याशी बोलायचं तिच्यापासूनच लपवायचं, म्हणजे बोलण्याला अर्थ काय? वाजवलं. उत्तर आलं. मग मी कपाळ भिंतीला टेकवून बोलायला लागले. काय बोलले ते तसंच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला ते गोड करून आठवता येणार नाही.

म्हटलं, "वहिनी, तू आधी नीट वाजवत होतीस. मीही उत्तर देत होते. मग तुझं वाजवणं वाढलं. मी उत्तर दिलं की लगेच पुन्हा. उसंतच नाही. माझा हात मांडणीखाली होता. तुझ्या प्रत्येक ठोक्याला लोखंड हलायचं आणि कळ मस्तकात जायची. मला तुझा राग यायला लागला. मी फर्म्यातला कागद फाडला, चावून मऊ केला आणि कानात कोंबला. तरी ते दातांतून ऐकू यायचं. मग मी पट्टी खाली ठेवली. हातातून पडली नाही, वहिनी. ठेवली. आणि गप्प बसले.

"तू वाजवत होतीस. दोन, एक. दोन, एक. किती वेळ, माहीत नाही. मी मनात म्हणाले, पुरे कर. एकदाची थांब. आणि मग तू थांबलीस.

"किती छान वाटलं म्हणून सांगू? मला झोप लागली. जाग आल्यावर मी वाजवलं. मग वाजवतच राहिले, मला बाहेर काढेपर्यंत.

"आणि दादाला मी सांगितलं की ती जागच्या जागी गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. तो माझे पाय धरून रडला आणि म्हणाला, तेवढं तरी बरं झालं."

एवढं बोलून थांबले. भिंतीपलीकडे काहीतरी लोखंडी जमिनीवर पडलं. मग पावलं. जाणारी.

मी वाजवलं. उत्तर आलं नाही.

१० फेब्रुवारी

उत्तर नाही.

दादा रात्री जेवला नाही, सकाळी न बोलता कामावर गेला. दूरच्या गावचं काम आहे, असं भाचीने सांगितलं.

११ फेब्रुवारी

नाही. शंभर वेळा वाजवलं असेल. भाची आत आली आणि तिने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. म्हणाली, "आत्या, रक्त येतंय." मला वाटलं, ती विचारील काय चाललंय. तिने विचारलंच नाही. नुसती धरून बसली.

दादाने ताट घेऊन अंगणात जेवण केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

१२ फेब्रुवारी

वहिनीला कळलं. आता ती येणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

दुपारी बोळात भाची नव्हती, तिची खुर्ची माझ्या खोलीत होती आणि ती खुर्चीत. संध्याकाळपर्यंत हलली नाही. माझी सकाळची औषधंही आता तिच्याकडेच असतात, हवी तेवढी काढून देते. आज कशाचाच राग आला नाही.

१३ फेब्रुवारी

चार वाजून दहा मिनिटांनी मी वाजवलं नाही. हात उचलावासा वाटला नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी भिंत वाजली.

दोन. एक.

मी हलले नाही. पुन्हा दोन, एक. खुर्चीतल्या भाचीने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिलाही ऐकू आलं. ती हळूच म्हणाली, "आत्या, दे ना उत्तर." आणि उठून बाहेर गेली.

मी दिलं.

२० फेब्रुवारी

शेजारचे घरमालक काका दारात आले होते. दादा घरी नव्हता. म्हणाले, "तुमच्या भावाला सांगा, पुढच्या महिन्यात भाडेकरू येतायत, आता किल्ली परत हवी. पाईप बसवून तीन आठवडे झाले की हो. तरी रोज चारच्या आत किल्ली न्यायला हजर. विचारलं तर म्हणतो, गळती तपासायचीय. अहो, नळाला पाणीच सोडलेलं नाही, तर गळणार काय?"

बोलता बोलता स्वतःच हसले. मी हसले नाही.

दादा रोज तिथे जाऊन बसतो. बसू दे बिचाऱ्याला. घरात श्वास कोंडत असेल. बायकोचा डबा, बायकोची चप्पल, आणि त्यात मी.

पण मग एक विचार आला. तो रोज चारला तिथे असतो. म्हणजे भिंतीतला आवाज त्यालाही ऐकू येत असणार. म्हणजे वहिनी त्यालाही भेटते. आणि आम्ही दोघं एकाच ताटात जेवल्यासारखे राहतो आणि एकमेकांना काही सांगत नाही.

उद्या जाऊन त्यालाच विचारते.

२१ फेब्रुवारी

चारला पाच मिनिटं कमी असताना मी शेजारच्या दारात गेले. भाची घरी नव्हती. घराबाहेर एकटी असं मी चौदा नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच आले. दहा पावलं असतील, पण मध्ये दोनदा थांबले.

दार लोटलेलं होतं. आत ओल्या चुन्याचा वास. मोकळ्या खोल्या, भिंतीवर नवे कोरे पाईप. आमच्याच घरासारखं घर, पण उलटं, आरशात बघावं तसं. त्यामुळे मागची खोली कुठे असणार ते पायांना माहीत होतं.

दादा उपड्या बादलीवर बसला होता, माझ्याकडे पाठ. हातात पाना, पान्याच्या डोक्याला फडकं गुंडाळलेलं. डावा गाल भिंतीला लावलेला. मी हाक मारणार होते, पण तो इतका मन लावून ऐकत होता की मलाही ऐकावंसं वाटलं. म्हटलं, आता वहिनी वाजवील.

चार वाजून दहा झाले. काही नाही. त्याने घड्याळ बघितलं. कान दाबून धरला. मग त्याने पाना उचलला आणि भिंतीवर वाजवलं. दोन. एक.

तो आवाज मी ओळखला. महिनाभर रोज ऐकलाय. इकडून तो तसा जाड येत नाही, एवढंच.

मला सगळं एकदम कळलं असं म्हणता येणार नाही. मी फक्त बघत होते. उत्तर येत नव्हतं, कारण उत्तर देणारी त्याच्या मागे उभी होती. त्याने पुन्हा वाजवलं. थांबला. पुन्हा. आता घाईने. त्याची मान ताठ झाली, खांदे वर आले. पुटपुटला, "अगं, वाजव." पुन्हा दोन, एक. दोन, एक. उसंत नाही. "वाजव ना गं."

मला ती मान वहिनीची दिसायला लागली. त्या वेळी ती मला दिसत नव्हती. ती अशीच बसली असेल, अशीच कान लावून. आणि माझ्या आत तेच झालं जे तेव्हा झालं होतं. कान झाकावेत आणि मागच्या मागे निघून जावं. मी खरंच एक पाऊल मागे घेतलं, हे लिहून ठेवते.

मग मी दाराच्या चौकटीवर वाजवलं. दोन. एक.

दादा गर्रकन वळला. चेहरा पांढराफटक, अर्धा चुन्याने आणि अर्धा तसाच. म्हणाला, "मला वाटलं..." पाना हातातून खाली ठेवला.

मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले. विचारलं, "तू?"

"मी."

"पहिल्यापासून?"

"एकोणीस तारखेपासून. त्याआधी तूच वाजवायचीस. पोरीने बोळातून बघितलं. म्हणाली, आत्या रोज चारला भिंत वाजवते, कान लावून बसते आणि कुणी उत्तर देत नाही म्हणून रडते."

"मी नव्हते वाजवत. भिंत वाजायची."

त्याने माझा उजवा हात घेतला आणि पालथा करून माझ्यापुढे धरला. पेरांवर खपल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"आणि खूण? ती तुला कुणी सांगितली?"

"इस्पितळात तू बेशुद्धीत खाटेचा दांडा वाजवायचीस. दोन आणि एक. अकरा दिवस मी तेच ऐकत बसलो होतो."

"आणि मी जे बोलले ते सगळं..."

"अर्ध्या विटेची भिंत आहे. शिवाय तुला वाटतं तू कुजबुजतेस. तुझी कुजबूज लहानपणापासून गल्लीच्या टोकापर्यंत जाते."

मला हसू आलं. त्या खोलीत ते कसंतरीच वाटलं.

तो म्हणाला, "ती जागच्या जागी गेली नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बराच वेळ होती म्हणून. तू मला सांभाळायला खोटं बोललीस. म्हटलं, सांभाळू दे. तेवढं तरी तुझ्या हाताला काम."

"मग ते तीन दिवस?"

त्याने पान्यावरचं फडकं सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं.

"पाना टाकून निघालो तो परत यायचंच नाही म्हणून. तुझं तोंड बघवत नव्हतं. दूरचं काम वगैरे काही नव्हतं, समोरच्या घराच्या पायरीवर बसून होतो. चार वाजले की कान इकडेच. तू आत वाजवतेयस हे मला तिथे बसून कळत होतं. आणि मी उत्तर देत नव्हतो. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस." त्याने हाताने गाल पुसला, चुना आणखी पसरला. "तेव्हा मला कळलं, गप्प बसणं किती सोपं असतं ते. काही करावं लागत नाही गं. नुसतं बसायचं."

मी विचारलं, "मला माफ केलंस का?"

"ते नको विचारू. त्याचं अजून रोज वेगळं उत्तर येतं." मग उठला, माझ्या उजव्या काखेत हात घालून मला उभं केलं. "येतो ना मी रोज. आज तरी तेवढंच सांगता येईल."

२२ फेब्रुवारी

तिघं बाहेरच्या खोलीत बसलो. भाची माझ्याजवळ सरकून म्हणाली, "बाबांना ताप होता त्या दिवशी मी गेले होते. आत्या, आई खरंच तसं म्हणाली होती?"

"शब्दन् शब्द."

"लोणच्याचंही?"

"ते तर फार मनापासून."

ती माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली, आवाज करून, लहान मुलासारखी. दादा उठून खिडकीशी गेला. मग परत येऊन आमच्या दोघींच्या मध्ये बसला.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. वहिनी आज पुन्हा गेली. महिनाभर ती होती, आता नाही. दादा होता, पोरगी होती, हे मोठंच आहे. पण ती नव्हती.

६ मार्च

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "ते घर रिकामंच राहणार आहे का?" म्हटलं, नाही, एकोणतीसला भाडेकरू येतायत. म्हणाल्या, "मग त्याआधी, चारला कुठे बसायचं ते तिघांनी ठरवा."

ठरलं. चारला बाहेरच्या खोलीत, चहा. दादा कामावरून येतो. बोलायचं असेल तर बोलायचं, नसेल तर चहा प्यायचा. पहिल्या दिवशी तिघंही पाहुण्यासारखे बसलो होतो. कपबशीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही.

१५ मार्च

आज जमलं नाही. चार वाजता चहाचा कप ठेवून खोलीत गेले आणि भिंत वाजवली. वाजवतेय हे मला कळत होतं, तरी थांबवता येईना. पलीकडून काही आलं नाही. दादा माझ्या मागोमाग आला, खाटेवर बसला आणि म्हणाला, "झालं की सांग. चहा गार होतोय."

झालं. गेले.

२४ मार्च

दादाला दोनदा वहिनीचं सांगितलं, भिंतीशिवाय, तोंडावर. दुसऱ्या वेळी तो मध्येच उठून गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. भाचीने आज पहिल्यांदा माझ्यासमोर पुस्तक उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं. पानाचा आवाज झाला. माझ्या तळहातांना घाम आला. तिने पान उलटलं नाही, तेच वाचत बसली.

३० मार्च

काल शेजारी नवे लोक आले. बाई शिलाईकाम करतात, नवरा फिरतीवर असतो. आज सकाळी ओळख झाली. दुपारी साडेतीनला त्यांनी हाक मारली, कपाट कुठे बसतं ते बघायला टेपचं एक टोक धरायचं होतं.

मागच्या खोलीत गेलो. खिडकी सताड उघडी, जमीन धुतलेली. भिंतीवर कमरेच्या उंचीला तळहाताएवढा गिलावा उडालेला होता, त्याच्या वर एक मळकट डाग, गालाएवढा. बाई म्हणाल्या, "हे काय हो? इथे कुणी ठोकाठोक करायचं का?"

"माझा भाऊ," म्हटलं. "मला हाक मारायचा इथून."

"का? दार नव्हतं?"

"होतं. मला सापडत नव्हतं."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि टेप खाली ठेवला. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून दोघी जमिनीवरच बसलो. मी त्यांना वहिनीबद्दल सांगितलं. ती कशी टाके घालायची, कशी बोलायची, कशी गेली. मी काय केलं, तेही. मध्ये आवाज बसला तेव्हा त्यांनी पाणी आणून दिलं, आणि पुढचं ऐकायला पुन्हा खाली बसल्या.

घरी आले तेव्हा पाच वाजत आले होते. दादा दारात उभा होता, पायांत चप्पल, मला शोधायला निघालेला. भाची त्याच्या मागे.

"कुठे होतीस?" त्याने विचारलं.

म्हटलं, "शेजारी."